भिंतीतली जुनी फिटिंग

घराचे नूतनीकरण टाइल्ससाठी निघते, मोरीच्या जागी नवे बाथरूम करण्यासाठी निघते, किचनमध्ये ट्रॉल्या बसवण्यासाठी निघते. विजेच्या तारांसाठी ते क्वचितच निघते, आणि म्हणूनच घरातल्या विद्युत जोडणीचे दोष नेमके अशा वेळी उघडकीला येतात, जेव्हा खर्चाचा आकडा ठरून गेलेला असतो, निम्मे सामान शेजाऱ्याकडे हलवलेले असते आणि गवंडी दुसऱ्या दिवशी गिलावा उरकण्याच्या घाईत असतो. कारागिरांच्या बोलीत या जोडणीला ‘फिटिंग’ म्हणतात, आणि भिंतीत पाइप गाडण्यासाठी कटरने जो चर काढतात त्याला ‘झिरी’. नव्या झिरीला जुनी झिरी आडवी येते तेव्हा त्या घराने गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोणकोणत्या गरजा कशा भागवल्या, याचा हिशेबच तारांच्या रूपाने बाहेर पडतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा हिशेब विशेष गुंतागुंतीचा आहे, कारण येथील घरे कारखान्यांच्या वेगाने वाढली आणि त्यांची फिटिंग त्या वेगाला कधीच पुरी पडली नाही.

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1970 मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. कामगारांना घरे हवीत म्हणून 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघाले, आणि यमुनानगर, इंद्रायणीनगर, शाहूनगर, संभाजीनगर या वसाहती त्याच्याच काळातल्या. पिंपरी कॅम्पातली फाळणीनंतरच्या निर्वासितांची वस्ती त्याहून जुनी, भोसरी, चिंचवड, आकुर्डी, थेरगाव यांची गावठाणे त्याहूनही जुनी, तर गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांवर उभी राहिलेली गुंठेवारीतली घरे बरीच अलीकडची. या प्रत्येक थरातल्या घराची फिटिंग वेगळ्या पद्धतीची आहे, आणि पुष्कळदा एकाच घरात तीन थर एकावर एक चढलेले सापडतात.

सर्वांत जुना थर लाकडी पट्टीचा. सागवानी पट्टीवर रबरी आवरणाच्या तारा पत्र्याच्या बारीक क्लिपांनी बसवत आणि ती पट्टी भिंतीवरून उघडीच धावत असे. दिसायला ओबडधोबड असली तरी तार कोठून कोठे जाते हे पोराटोरांनाही कळे, आणि दोष आला तर तो डोळ्यांना दिसे. त्यानंतर प्लास्टिकची झाकण असलेली पट्टी आली, जिला केसिंग पट्टी म्हणतात, आणि मग सर्व काही भिंतीच्या आत पाइपांतून नेणारी ‘कन्सील’ फिटिंग आली. कन्सील फिटिंगने भिंती देखण्या झाल्या, पण तार नजरेआड गेली, आणि नजरेआड गेलेल्या वस्तूची देखभाल आपल्याकडे कोण करतो, हे वेगळे सांगायला नको.

प्राधिकरणाच्या काळातल्या एखाद्या छोट्या घरातली किचनची भिंत फोडली तर तिच्यात साधारणपणे काय निघते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ओट्याच्या वर, टाइल्सच्या मागे, मूळ पाइप निघतो. त्यात लाल आणि काळी अशा दोनच तारा असतात, कारण त्या पॉइंटवर एक ट्यूबलाइट आणि फार तर मिक्सर चालेल असे गृहीत धरलेले होते. त्या तारांना मध्येच एक सांधा मारलेला असतो, ज्याच्यातून पुढे फ्रिजचा पॉइंट काढलेला असतो. त्या पॉइंटवरून तार लांबवून वॉटर प्युरिफायर, आणि प्युरिफायरच्या बोर्डावरून मायक्रोवेव्ह. या लांबवलेल्या तारेला पाइपच नसतो, कारण जुना पाइप सिमेंटच्या मळीने चोक झाला होता आणि नवी तार ओढता येईना, म्हणून ती सरळ गिलाव्यात दाबून टाकलेली असते. सांध्यावरची काळी टेप चिकटपणा हरवून सैल झालेली, आवरण बोटांनी वाकवताच तडकणारे, आणि तांबे लालसर न राहता काळवंडलेले. दिवे लागत असतात, पंखे फिरत असतात, म्हणून घरात कोणालाच काही बिघडल्याचे जाणवलेले नसते. विजेच्या फिटिंगचा हाच विशेष आहे, की ती बिघडलेली असतानाही काम करत राहते. गळणारा नळ निदान आवाज तरी करतो.

या भिंतीचा दोष समजून घ्यायचा तर भार म्हणजे काय हे पाहावे लागते. एखादे उपकरण किती वीज ओढते ते वॉटमध्ये सांगतात, आणि वॉटला आपल्या घरच्या 230 व्होल्ट या दाबाने भागले की तारेतून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. 1980 च्या सुमारास दोन खोल्यांच्या घरात दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि एक रेडिओ असे, म्हणजे सगळे एकदम चालू केले तरी 300 वॉटच्या आसपास, म्हणजे सव्वा अँपिअर. आज त्याच घरातला 3,000 वॉटचा इन्स्टंट गिझर एकटाच 13 अँपिअर ओढतो, इंडक्शन शेगडी आठ-नऊ अँपिअर ओढते, आणि दीड टनी एसीची भूकही जवळपास तितकीच असते. वाहणारा प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि प्रवाह दसपट झाला तर शंभरपट. पूर्वी दिवा-पंख्यासाठी घातलेली एक चौरस मिलिमीटर छेदाची तार आणि गिझरला लागणारी चार चौरस मिलिमीटरची तार यांतला फरक बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतो. उष्णतेच्या हिशेबात तो क्षुल्लक नाही. साध्या पीव्हीसी आवरणाची तार सतत 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापली तरी टिकावी अशी बनवलेली असते, आणि त्यापलीकडे ती रोज तापत राहिली तर आवरणातला मऊपणा उडून जाऊन ते सुक्या सालीसारखे ठिसूळ होते.

तरीही खरा धोका बहुतेक वेळा तारेच्या लांबीत नसून सांध्यात असतो. समजा, सैल झालेल्या एका सांध्याला अर्धा ओहम रोध आला आहे, म्हणजे प्रवाहाला तेवढा अडथळा होतो आहे, आणि त्यातून 2,000 वॉटच्या गिझरचा पावणेनऊ अँपिअर प्रवाह चालला आहे; तर त्या हरभऱ्याएवढ्या जागेत जवळपास 38 वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले डाग देण्याचे सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचे असते, आणि ते कथील वितळवते. भिंतीतल्या सांध्यात त्याहून तापलेले यंत्र रोज सकाळी चालू असते, आणि गिझरचे पाणी थोडे उशिरा तापते एवढेही कोणाच्या ध्यानात येत नाही. विशेष म्हणजे अशा वेळी एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहिला की आपोआप खाली पडणारे ते छोटे स्विच, मुळीच पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह पावणेनऊ अँपिअरच आहे आणि तो अगदी योग्य आहे.

आगीच्या बातम्यांतला ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द या बाबतीत पुष्कळ दिशाभूल करतो. फेज आणि न्यूट्रल या तारा थेट एकमेकींना भिडणे म्हणजे शॉर्टसर्किट, आणि तसे झाले तर चांगल्या फिटिंगमध्ये एमसीबी डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडते. महिनोन्महिने तापत राहिलेला सांधा, ठिसूळ झालेले आवरण, त्याला लागून ठेवलेले प्लायवुड आणि मग शेवटच्या क्षणी झालेला स्पर्श, हा क्रम बातमीत कधी येत नाही. शेवटचा क्षणच येतो. चिखलीतील पूर्णानगर येथे 30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे एका दुकानाला लागलेल्या आगीत तेथेच झोपलेल्या एका कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला, तेव्हाही प्राथमिक माहितीत उल्लेख शॉर्टसर्किटचाच होता. असा शब्द वापरला की जणू वीज स्वतःच्या लहरीने कोपली असे वाटते, आणि तार कोणी, केव्हा, किती भारासाठी घातली होती, हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

सांध्यांच्या दोषात ॲल्युमिनियमच्या तारेचा वाटा मोठा आहे. तांबे आपल्याला मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागे, म्हणून एका काळात घरगुती फिटिंगमध्येही ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास घातल्या गेल्या. हा धातू तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीजवाहक असल्याने तार जाड घ्यावी लागते, पण तेवढ्याने भागत नाही: हवा लागताच त्यावर वीज न वाहू देणारा पापुद्रा चढतो, तापला की हा धातू तांब्यापेक्षा जास्त फुगतो, आणि स्क्रूखाली दाबून ठेवला तर हळूहळू दबून सैल पडतो. अमेरिकेतही 1965 ते 1973 च्या दरम्यान लाखो घरांत अशी फिटिंग झाली होती, आणि तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पाहणीत 1972 पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांत एखादी तरी जोडणी आग लागण्याइतकी तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा 55 पट आढळली. आपल्याकडची खास अडचण अशी, की जुन्या ॲल्युमिनियमला नवे तांबे नुसते पीळ देऊन जोडले जाते, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीत हे दोन धातू एकमेकांना लागले की सांधा आतून खाल्ला जातो. भिंत फोडल्यावर पांढुरकी पूड धरलेला सांधा निघाला तर तो याच जातीचा समजावा.

पूर्वीच्या मेन बोर्डावर चिनी मातीचे ‘किटकॅट’ फ्यूज असत, ज्यांत केसासारखी बारीक तार बांधलेली असे आणि भार वाढला की ती वितळून वीज तोडत असे. ती वारंवार जाऊ लागली की घरातला कर्ता पुरुष तिच्या जागी दिव्याच्या वायरीतले चार पदर पिळून बांधी आणि पुन्हा कधी फ्यूज उडाला नाही म्हणून समाधान पावे. किटकॅट गेले आणि एमसीबी आले, पण रीत तीच राहिली. ‘सोळाचा सारखा ट्रिप होतो, बत्तीसचा टाकून दिला’ हे वाक्य कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ऐकायला मिळते. एमसीबी उपकरणाचे रक्षण करण्यासाठी असतो अशी समजूत यामागे आहे, वस्तुतः तो तारेचे रक्षण करतो. 16 अँपिअरच्या योग्यतेच्या तारेवर 32 चा एमसीबी बसवणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देण्यासारखे आहे.

आग हा एक धोका, शॉक हा दुसरा, आणि दुसऱ्याचे मूळ अर्थिंगमध्ये आहे. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन हिरव्या तारेने जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपाशी किंवा प्लेटशी जोडलेली असावी, म्हणजे वॉशिंग मशिनच्या आत फेजची तार सोलपटून पत्र्याला लागली तर प्रवाह माणसातून न जाता जमिनीत जाईल, अशी ही योजना आहे. भिंत फोडल्यावर हिरवी तार मुळात निघतच नाही, किंवा बोर्डापर्यंत येऊन कोठेच जोडलेली नसते, किंवा, आणि हे सर्वांत वाईट, ती न्यूट्रललाच लूप मारून दिलेली असते. त्या शेवटच्या करामतीत टेस्टरवर सगळे ठीक दिसते, पण कधी इमारतीचा न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या अंगावर करंट येतो. तीन फेज असलेल्या इमारतीत न्यूट्रल तुटण्याचा आणखी एक परिणाम असा, की ज्या घरात भार कमी आहे तेथे 230 ऐवजी थेट 400 व्होल्टच्या जवळपास दाब पोहोचतो आणि एकाच संध्याकाळी जिन्यातल्या चार घरांचे टीव्ही जळतात.

अर्थिंग आहे पण दुबळे आहे, ही स्थितीही फसवी असते. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरून जमीन ओली ठेवावी लागते. या भागात वरच्या थोड्या मातीखाली मुरूम आणि काळा कातळ असल्याने उन्हाळ्यात ओल लवकर आटते आणि पावसाळ्यात मीठ वाहून जाते. अशा अर्थिंगचा रोध 20 ओहम झाला आहे असे धरले, तर दोष आल्यावर 230 ला 20 ने भागून साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जातो. 16 चा एमसीबी त्याने पडत नाही, आणि मशिनचा पत्रा जिवंतच राहतो. येथे आरसीसीबी नावाचे दुसरे उपकरण लागते. फेजने जितका प्रवाह आत गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का, एवढेच ते सतत पाहते, आणि 30 मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या एक हजार भागांपैकी तीस भाग, इतकी जरी गळती दिसली तरी 0.3 सेकंदाच्या आत वीज तोडते. याच तत्त्वावरचे, आणखी कमी गळतीलाही सावध होणारे उपकरण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझिएल यांनी 1961 मध्ये तयार केले. मानवी शरीराला किती प्रवाह सोसतो याचा त्यांनी आधी दीर्घ अभ्यास केला होता. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच 30 मिलिअँपिअरची मर्यादा घातलेली आहे.

नूतनीकरणात हौसेने आरसीसीबी बसवला जातो आणि तो आठवडाभरात काढूनही टाकला जातो, कारण तो सारखा पडतो. दोष त्याचा नसून भिंतीचा असतो. भारनियमनाच्या काळात घरोघर इन्व्हर्टर आले (2006 मध्ये पुणे परिसरातील उद्योगांनी स्वतःचे जनित्र संच चालवून शहराला भारनियमनातून वाचवण्याचा प्रयोग केला होता, पण इन्व्हर्टरची खरेदी काही त्याने थांबली नाही), आणि ते जोडताना बसवणाऱ्याने फेजची तार वेगळी ओढली, न्यूट्रल मात्र जवळ सापडला तो घेतला. अशा उसन्या न्यूट्रलमुळे एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परतू लागतो, आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. बंद केलेला एलईडी दिवा रात्री मिणमिणत राहतो, ही तक्रार त्याच कुळातली असू शकते: स्विच फेजवर असायला हवा तो न्यूट्रलवर बसवलेला असला, तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस ती बंद आहे असे समजूनच हात घालतो.

चाकणकडे गेल्यावर चित्र थोडे बदलते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांत मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आल्यानंतर शेतकऱ्याच्या घरावर एकेक मजला चढत गेला आणि मागच्या पडवीच्या जागी भाड्याच्या रूमची लाइन उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली मुले एकेका रूममध्ये चार-पाच राहतात, पाळीप्रमाणे उठतात, आणि पहाटेच्या पाळीआधी प्रत्येक रूममध्ये बादलीत हीटर रॉड बुडवलेला असतो. दहा रूमचे दहा रॉड म्हणजे एकेक 1,000 वॉटचा धरला तरी 10 किलोवॉट, आणि ते सारे बहुधा तळमजल्याच्या घरासाठी कधी काळी ओढलेल्या मुख्य तारेवर. प्रत्येक रूमला सबमीटर असतो, कारण बिलाची वाटणी करायची असते. प्रत्येक रूमला आरसीसीबी मात्र नसतो, कारण त्याने काही वसूल होत नाही. मंजूर भार, म्हणजे महावितरणकडे नोंदवलेली मागणी, वाढवून घ्यायची तर खर्च वाढतो, म्हणून तोही कागदावर जुनाच राहतो. अलीकडे या लाइनीच्या अंगणात विजेच्या स्कूटरही उभ्या राहू लागल्या आहेत. 1972 मध्ये बाजारात आलेली आकुर्डीची चेतक 2020 पासून विजेवर धावू लागली, आणि स्कूटर चार्जिंगला लावली की ती काही तास सलग प्रवाह ओढते. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, सांध्याला थंड व्हायला उसंत मिळते. रात्रभरच्या चार्जिंगमध्ये ती उसंत नाही.

येथे एक विसंगती नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. याच पट्ट्यात मोटारीच्या अंगातल्या तारांची जुडगी, ज्यांना वायरिंग हार्नेस म्हणतात, हजारोंनी तयार होतात; तेथे प्रत्येक तारेचा रंग ठरलेला असतो, तिच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड ओढून तपासला जातो, आणि मशिन उघडण्यापूर्वी तिच्या स्विचला कुलूप लावून त्यावर पाटी अडकवल्याशिवाय कोणाला हात लावू देत नाहीत. फिनोलेक्ससारखी घरगुती तारांतली ख्यातनाम कंपनी, जी 1958 मध्ये पुण्यात सुरू झाली, तिचे नोंदणीकृत कार्यालय पिंपरीतच मुंबई-पुणे रस्त्यालगत आहे. म्हणजे देशभरच्या भिंतींत जाणारी तार येथे बनते, तारेची शिस्त येथे रोज आठ तास पाळली जाते, आणि पाळी सुटल्यावर घरी मात्र कंपनीतल्या मेंटेनन्सच्या ओळखीच्या माणसाला सुटीच्या दिवशी बोलावून तीन पॉइंट वाढवून घेतले जातात. तो माणूस आपल्या कामात वाकबगार असतो यात शंका नाही, पण कंपनीत त्याच्या हातात पॅनेलचा नकाशा असतो आणि घरात कसलाच नसतो. गुरुवार हा येथील पुष्कळ कारखान्यांचा सुटीचा वार, आणि महावितरणची देखभालीची कामेही अनेकदा त्याच वारी निघतात. तेव्हा ‘तशीही लाइट नाहीये’ म्हणून मेन स्विच न पाडताच काम सुरू होते, आणि वीज परत कधी येईल हे स्टुलावरच्या माणसाला कोणी सांगत नाही. इन्व्हर्टर चालू असेल तर ती गेलेलीही नसते.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासूनच, दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांच्या साध्या बदलापलीकडचे, म्हणजे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे कोणतेही काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच आणि पात्रता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे असे बंधन आहे; 2010 आणि नंतर 2023 मध्ये नियम नव्याने आले, तरी हे सूत्र कायम राहिले. जोडलेल्या प्रत्येक फिटिंगची पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी व्हावी, असेही 1956 च्या नियमांत लिहिलेले होते. प्रत्यक्षात नवी वीजजोडणी घेताना ठेकेदाराचा ‘टेस्ट रिपोर्ट’ अर्जासोबत जोडला जातो आणि त्यानंतर मीटरच्या अलीकडे काय चालते ते पाहायला कोणीही येत नाही. किचनचा बोर्ड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेणे हे स्वरूप बदलणारे काम आहे, हे इंटिरिअरवाल्याला सांगून पाहावे, तो चकित होईल.

भिंत उघडल्यावर दोष निघाला तर काय करायचे, याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. त्यासाठी मेगर नावाचे यंत्र आहे. सर्व उपकरणे काढून, मेन स्विच पाडून, या यंत्राने तार आणि अर्थिंग यांच्यात 500 व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट देतात आणि आवरणाचा रोध मोजतात. तो निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, असावा असा नियम आहे. टीव्ही किंवा फ्रिज प्लगला तसाच ठेवून मेगर लावणारा माणूस परवानाधारक असला तरी त्याला दारातूनच परत पाठवणे शहाणपणाचे. एका सर्किटचा आकडा कमी आला तर तेवढेच बदलावे. सगळ्यांचेच कमी आले, किंवा ॲल्युमिनियम निघाले, तर टाइल्सचा दर्जा एक पायरी उतरवून ते पैसे तारांत घालावेत, कारण साध्या टाइल्स दहा वर्षांनी बदलता येतात आणि भारी टाइल्सच्या मागची तार टाइल्स फोडल्याशिवाय बदलता येत नाही.

नवी तार घेताना बंडलावरचा आयएसआयचा शिक्का आणि आयएस 694 हा मानकाचा क्रमांक पाहतात, ते बरोबरच आहे, पण टोक सोलून आतले पदर मोजणे त्याहून खात्रीचे. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत 0.3 मिलिमीटर जाडीचे 22 पदर असतात, अडीचच्या तारेत 36 आणि चारच्या तारेत 56. काही कंपन्या याहून बारीक पण संख्येने जास्त पदर देतात, पण जाडीनेही कमी आणि संख्येनेही कमी पदर निघाले तर तांब्यात चोरी आहे हे निश्चित. दिव्यांना दीडची, 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, गिझर आणि एसीला स्वतंत्र चारची तार थेट बोर्डावरून, मध्ये सांधा न ठेवता, हा या भागातल्या चांगल्या कारागिरांचा साधा शिरस्ता आहे. रावेत, पुनावळे, मोशी येथील मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतींसकट ओतलेल्या काँक्रिटच्या नव्या इमारतींत मात्र झिरी मारण्याची सोयच नाही. भिंतच भार पेलते, म्हणून तेथे नवा पॉइंट हवा असेल तर केसिंग पट्टीच्या जमान्यात परत जावे लागते.

गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवण्याची पद्धत आता थोडीफार रुजू लागली आहे, आणि पुढे ट्रॉलीचा किंवा टीव्हीचा ब्रॅकेट ठोकणाऱ्याचा ड्रिल तारेत जाऊ नये यासाठी तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. घराच्या आतले एवढे सगळे चोख झाले, की उरते ते हिरव्या तारेचे दुसरे टोक. जुन्या सोसायट्यांत ते पार्किंगच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात उतरते, ज्यावर पूर्वी बिडाचे झाकण आणि पाणी ओतायचे नरसाळे असे. पेव्हिंग ब्लॉक बसवले तेव्हा झाकण खाली गेले, नरसाळे मोडले, आणि आता त्या जागेवर कोणाची तरी मोटार उभी असते. खड्डा नेमका कोठे आहे, हे सोसायटीच्या कार्यालयातल्या कागदांत सहसा सापडत नाही. जुन्या वॉचमनला मात्र पुष्कळदा आठवते, म्हणून परवानाधारक ठेकेदार अर्थिंगचा रोध मोजायला आला की आधी त्यालाच बोलावतात, मोटार हलवतात आणि चार ब्लॉक उचकटून पाहतात.